हॉटेलसाठी चित्र काढतोय, छापायचा हक्क कुणाचा?

रंकाळाकाठ: मंडळी, एका हॉटेलसाठी ३ बाय ४ फुटांचं ॲक्रिलिक करायचं काम आलंय. मालक म्हणतात, पैसे एकदाच देणार, मग मेनूकार्डावर आणि पिशव्यांवरही छापणार. हे चालतं का? दर काय सांगू? कॉलेजात पर्स्पेक्टिव्ह घोटून घेतलं, कोटेशन कुणी शिकवलं नाही.

गेरू: सांभाळून! १९५७च्या कॉपीराइट कायद्याचं कलम १७ बघा. आपल्या मनानं काढून विकलेल्या चित्राचा कॉपीराइट आपलाच राहतो. पण कुणी पैसे देऊन चित्र काढून घेतलं आणि वेगळा करार नसेल, तर कॉपीराइटचा पहिला मालक तो. म्हणून कोटेशनमध्येच लिहा: 'फक्त मूळ चित्र विकले, कॉपीराइट व छपाईचे हक्क चित्रकाराकडे.' दोघांच्या सह्या झाल्या की मगच कॅनव्हास ताणा. मेनूकार्डाचे पैसे वेगळे, तेही मुदत घालून.

शाईपेन: मी चौरस इंचावर दर लावते. तुमचं चित्र १७२८ चौ. इंच. फ्रेम आणि टेम्पो वेगळा, निम्मे पैसे आगाऊ. घरून विकताना गॅलरीपेक्षा स्वस्त देऊ नका. गॅलऱ्या बऱ्याचदा तिसरा हिस्सा ते निम्मं कमिशन घेतात. त्यांना कळलं तर पुढचं प्रदर्शन विसरा.

रंकाळाकाठ: ओळ दाखवली. मालक म्हणाले, "एवढं काय लिहायचं, घरचंच हाय की!"

गेरू: मग त्यांना म्हणावं, घरच्या कागदावर सही करा की. आणि आगाऊ रक्कम आजच मागा.