घरी बांधलेल्या विमानाची पुढची काच बदलायला खरा खर्च किती येतो?

तापीकाठ (धुळे)
नमस्कार मंडळी. कॅप्टन अमोल यादव यांनी स्वतः बांधलेलं सहा आसनी विमान 2020 मध्ये आमच्या धुळ्याच्या धावपट्टीवरून उडालं, त्यानंतर मी दोन सीटच्या विमानाचं किट (घरी जोडायचे सुटे भाग) मागवलं. बांधायला चार वर्षं गेली.

परवा सकाळी शेड उघडलं तर पुढच्या काचेला तडा. डावीकडे खालच्या तिसऱ्या स्क्रूपासून निघालाय, पट्टीने मोजला तर 11 सेंमी. नखाला लागतो, आणि उन्हात तिरपं पाहिलं की आत चांदीसारखी रेघ चमकते. आदल्या रात्री पारा 8 वर होता. ही काच मी मे महिन्यात बसवली होती, स्क्रू स्वतः आवळले होते. फार जीव तुटला.

किटवाल्यांची काच 38 हजारांना पडते. पण ती येणार लाकडी पेटीतून, त्याचं भाडं 52 हजार. कस्टम आणि आयजीएसटी नुसत्या काचेवर नाही, भाडं आणि विमा धरून लागतो. सव्वा लाख कुठे गेले नाहीत. इकडे आग्रा रोडवरचा नेमप्लेटवाला 3 मिमीचं 8 बाय 4 चं ॲक्रिलिक (काचेसारखं पारदर्शक प्लास्टिक) शीट साडेपाच हजारात देतोय. माझी काच एकाच दिशेने वाकलेली आहे, घुमटासारखी नाही. इथेच करून घेऊ का? की तड्याच्या टोकाला छिद्र मारून उन्हाळ्यापर्यंत चालवू?

जुना फिटर (भुसावळ)
भाऊ, छिद्र मारून तडा थांबतो, हे खरं. बाजूच्या खिडकीला मी एकवेळ चालवून घेईन. तोंडासमोरच्या काचेला नाही. तिच्यावर पूर्ण वाऱ्याचा दाब असतो.

आता तडा का गेला ते बघा. ॲक्रिलिक दर मीटरला दर अंशामागे 0.07 मिमी वाढतं, ॲल्युमिनियम 0.023. मे महिन्यात 44 आणि आता 8, म्हणजे 36 अंशांचा फरक. मीटरभर काच फ्रेमपेक्षा पावणेदोन मिमी जास्त आखडली. तुम्ही 4 च्या स्क्रूला 4 चंच छिद्र पाडलं असेल, मग ती सरकणार कुठे? छिद्र 6 चं पाडा, खाली रबरी वॉशर द्या.

लोखंडाचा साधा ड्रिल बिट वापरू नका. पलीकडे निघताना तो पकडतो आणि टवका उडवतो. त्याची धार दगडावर मारून बोथट करा, टोक 60 अंशांचं करा, खाली लाकूड घट्ट धरा. आणि हे काम थंडीत नको, दुपारी उन्हात करा. शीट स्वस्तच आहे हो, महाग पडतं ते छिद्र चुकलं की.

कपाशीवाला (चाळीसगाव)
दादा, ते शीट कास्ट (साच्यात ओतलेलं) आहे की एक्स्ट्रुडेड (यंत्रातून दाबून काढलेलं), आधी विचारा. एक्स्ट्रुडेडमध्ये ताण आधीच भरलेला असतो, बारीक जाळीसारखे तडे लवकर येतात. कास्टसुद्धा न तापवता वाकवायचं तर त्रिज्या जाडीच्या 200 पट हवी, म्हणजे 3 मिमीला 60 सेंमी. कमी असेल तर भट्टीत तापवूनच वाकवावं लागेल.

पॉलिकार्बोनेट हे दुसरं पारदर्शक प्लास्टिक जास्त वाकतं, दगडालाही दाद देत नाही, पण लवकर ओरखडतं आणि पेट्रोल लागलं की खराब होतं. तुमची टाकी काचेच्या मागेच असेल तर विचार करा. थिनर आणि अमोनियावाला काच-क्लीनर दोन्हीला वर्ज्य. धूळ बसली की आधी पाणी सोडायचं, मग ओला सुती कपडा. कोरड्या गमछ्याने पुसायचंच नाही.

तापीकाठ (धुळे)
दोघांचेही मनापासून आभार. नेमप्लेटवाल्याने प्रामाणिकपणे सांगितलं की शीट एक्स्ट्रुडेड आहे. कास्ट नाशिकहून आणलं, टेम्पोभाडं धरून 8,900. त्रिज्या मोजली, 71 सेंमी, म्हणजे न तापवता जमलं. एका शीटमध्ये दोन काचा निघतात, त्यामुळे एक बिघडली तरी चालेल एवढा धीर होता. उरलेल्या तुकड्यावर आधी वीस छिद्रं पाडली. पहिल्या तिघांना टवके गेले, नंतर बिटचा अंदाज आला.

रबर, वॉशर, नवे स्क्रू आणि दोन दिवस हाताखालच्या मुलाची मजुरी धरून 13,400 झाले. बदल लॉगबुकात लिहिलाय. तपासणी झाल्याशिवाय उडवणार नाही.

शुक्रवारी दुपारी काच बसवली. या वेळी स्क्रू वॉशरला टेकेपर्यंत बोटानेच फिरवले. जुनी काच ठेवून दिलीय, साचा तिच्यावरूनच काढला होता.