जुना महिंद्रा ५७५ ट्रॅक्टर घ्यावा का? इंजिन काम निघालंय, मालक २ लाख १० म्हणतोय

काळंरान_औसा
रामराम मंडळी. औसा तालुका, ९ एकर काळी जमीन, सोयाबीन-तूर आणि मग हरभरा. इतकी वर्षं भाड्याच्या ट्रॅक्टरवर चाललंय आणि दरवर्षी तोच तमाशा, वाफसा आला की सगळ्या गावाला एकाच दिवशी पेरायचं असतं, ट्रॅक्टरवाला "आलोच" म्हणतो आणि दोन-तीन दिवसांनी उगवतो, तोवर वरची ओल उडालेली. म्हणून जुना बघायलोय. शेजारच्या गावात महिंद्रा ५७५ डीआय आहे, २००७ चा, एकहाती वापरलेला, पण वर्षभर लिंबाखाली उभाच. मालक म्हणतो इंजिनचं थोडं काम आहे बाकी ओके. चालू करून दाखवला, निळसर धूर मारतोय, अवजार उचलायची मागची लिफ्ट उचलते पण झटके देत, मागचे टायर निम्मे. २ लाख १० सांगतोय, तुटून १ लाख ८० ला येईल असं वाटतंय, सोबत मोगडा (रान उकरायचं फाळांचं अवजार) देतोय. घ्यावा का सोडावा? नवीन घ्यायची ऐपत नाही आणि कर्ज काढायचं नाही हे घरात ठरलंय (आईचा शब्द, त्यावर चर्चा नको).

रिंगपिस्टन_संगमनेर
दादा गॅरेज आहे माझं म्हणून सांगतो, इंजिन कामाला घाबरू नको. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय, रिंगा आणि लायनर गेले. चारही सिलेंडरचे लायनर-पिस्टन, बेअरिंग, गॅस्केट सेट, हेडचे व्हॉल्व, पंप-नोझल आणि मजुरी धरून आमच्याकडे ६० ते ७५ हजारात बसतं, क्रँक घासायला लागली तर वर थोडे. हा खर्च आधीच कळतो आणि ५७५ चा माल कुठल्याही तालुक्याच्या गावी मिळतो. बुडवतो तो मागचा भाग. गिअरबॉक्स, क्राउन-पिनियन, हायड्रोलिक, हे उघडल्याशिवाय आकडा कळत नाही आणि मालकाचं "बाकी ओके" नेमकं त्याबद्दलच असतं.

परत जा, पण न सांगता सकाळी लवकर जा. आधी सायलेन्सरला हात लाव, गरम लागला तर तुझ्यासाठी आधीच चालू करून ठेवलाय समज. थंड स्टार्ट बघायचाच, बॅटरीला दोष देऊन धक्का मारायला लावला तर कंप्रेशनही गेलंय असं धर. चालू असताना ऑइल भरायचं झाकण उघड, भकाभक वाफ मारली की रिंगांचं पक्कं झालं. ऑइल डिपस्टिकवर चहासारखं दुधाळ दिसलं तर पाणी उतरलंय. रेडिएटरचं झाकण मात्र थंड असतानाच काढ, मग चालू केल्यावर आत बुडबुडे येत राहिले तर हेड गॅस्केट, किंवा हेडच चिरलंय. लिफ्टला रोटर (रोटाव्हेटर) नाहीतर पलटी नांगर लावून वर उचल आणि इंजिन बंद कर. लगेच खाली बसायला लागलं तर आतून गळती आहे. झटक्यांचं कारण कधीकधी नुसतं कमी ऑइल किंवा चोंदलेली जाळीही असते, ते स्वस्तात सुटतं. आणि गिअर ऑइलचा खालचा नट सैल करून थोडं ऑइल डब्यात घे, बोटाला बारीक करडी पेस्ट लागली तर चालतंय, लोखंडाचे तुकडे आले तर पाया पडून घरी ये.

वर्धा_कपाशी
भाऊ थोडा उलटा बोलतो, राग मानू नको. ९ एकराला ट्रॅक्टर लागतो का हाच प्रश्न आहे. तुझ्याकडे नांगरट, दोन मोगडण्या, रोटर, खरीप-रब्बीची पेरणी मिळून भाडं वर्षाला ५५-६० हजार जात असेल. स्वतःचा घेतला तरी डिझेल, ऑइल, इन्शुरन्स यात २० हजार जाणारच, म्हणजे वाचले ३५-४०. आता १ लाख ८० अधिक इंजिन ७० अधिक लिफ्ट, क्लच, बॅटरी, आणि मागची टायरजोडी आज ना उद्या ४० च्या आसपास. सव्वातीन लाख झाले, आणि अजून रोटर आणि पेरणी यंत्र घ्यायचंच आहे. किती वर्षात फिटंल? नुसता मोगडा घेऊन काय करशील? लोकांच्या रानात चालवणार असशील तर गोष्ट वेगळी, पण त्याला ड्रायव्हर पाहिजे, आणि उधारी वसूल करायला जाड कातडी पाहिजे.

दुसरं म्हणजे २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरवरचा जीएसटी १२ चा ५ टक्के झालाय, ४५ एचपीचा नवीन साधारण ४५ हजारानं उतरला. जुनेवाले अजून आधीच्याच भावाच्या हिशोबात सांगतात. २००७ च्या धूर मारणाऱ्याला २ लाख १० हा भाव मला तरी पटत नाही. टायर आणि पार्टवरचाही १८ वरून ५ झालाय, तेवढं तुझ्या बाजूनं आहे.

काळंरान_औसा
@वर्धा_कपाशी हिशोब बरोबर आहे, भाऊ. पण गेल्या हंगामात पेरणी हुकून दुबार करावी लागली त्याचं बियाणं-खत या हिशोबात कुठं धरायचं? मला भाडं वाचवायचं नाही, घात साधायचीय. चुलत्याचे ६ एकर पण लागूनच आहेत, तेवढं रान धरून १५. पेरणी यंत्र चुलत्याकडं आहे. रोटर पहिल्या वर्षी भाड्यानंच.

ऊसतोड_वाळवा
१५ एकर आणि यंत्र घरचं असेल तर विचार करण्यासारखं आहे. पण एक विचारतो, हा ट्रॅक्टर ऊस वाहतुकीला होता का? तुमच्या लातूर भागातही कारखाने आहेत म्हणून म्हणतोय. मालक "फक्त शेतीकाम" म्हणेल, तू मागचा हुक बघ. हुकचं भोक लांबट झिजलेलं असेल, वेल्डिंगचे थर दिसत असतील, पुढं जादा वजन लावल्याच्या खुणा असतील तर दोन ट्रॉल्या ओढलेला गडी आहे. असल्याचा क्लच, ब्रेक आणि मागचं हाउसिंग पार पिळून निघालेलं असतं, कितीही रंग मारला तरी. भरली ट्रॉली लावून चढाला चालव, गिअर आपोआप सुटतोय का बघ. पुढचं चाक जॅकवर उचलून हलव, किंगपिनचा बुश गेला असेल तर खडखडतं. तास मीटरकडं बघूच नको, ते बहुतेकांचं बंदच असतं.

टीटीफॉर्म
सगळे नटबोल्ट बघायलेत, कागद कुणी विचारला? २००७ चा म्हणजे पासिंगची (आरटीओ नोंदणीची) १५ वर्षं २०२२ मध्येच संपली. रिन्यू केलंय का? नसेल तर तपासणी करून घ्यावी लागणार, आणि उशिराचा दंड महिन्याला चढतोय, तो कोण भरणार ते आधी ठरव. एमपरिवहन ॲपवर नंबर टाक, आरसीवर फायनान्सचा बोजा दिसतो. हप्ते फिटून गेलेले असतात पण बोजा उतरवलेलाच नसतो, त्याला फायनान्सची एनओसी आणि ३५ नंबरचा फॉर्म लागतो, आणि ती कंपनी आता बंद झालेली किंवा दुसरीत विलीन झालेली असली तर चकरा मार बसून. चेसी नंबर आरसीशी स्वतःच्या डोळ्यानं जुळव. २९-३० च्या (मालकी बदलाच्या) फॉर्मवर सही झाल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नको.

काळंरान_औसा
जाऊन आलो, सकाळी सहालाच. थंड स्टार्ट घेतला पण खूप वेळ कुथून. झाकणातून वाफ जोरात. डिपस्टिक स्वच्छ, रेडिएटरमध्ये बुडबुडे नाहीत. गिअर ऑइलमध्ये नुसती करडी पेस्ट, तुकडे नाहीत. भाऊबंदाची भरली ट्रॉली ओढून बघितली, गिअर सुटला नाही, हुकही ठीक आहे. लिफ्टमधलं ऑइल चांगलंच कमी होतं, भरल्यावर झटके कमी झाले, पण मोगडा उचलून बंद केलं तर हळूहळू खाली बसतोच. माझ्या बाजूचा मेकॅनिक इंजिन ७० आणि लिफ्ट १२ म्हणतोय. मालक १ लाख ४५ ला आला, मी १ लाख ३० वर आहे.

लफडं वेगळंच निघालं, आरसी त्याच्या वडिलांच्या नावावर आहे, ते वारलेत, आणि दोन बहिणी पुण्याला.

टीटीफॉर्म
मग भाव नंतर कर. आधी त्याच्या नावावर होऊ दे, त्याला मृत्यूचा दाखला आणि वारसांची संमती लागणार, दोन्ही बहिणींच्या सह्यांसकट. तुझ्या नावावर पुढची गोष्ट. फार तर ५ हजार इसार दे, तो पण स्टॅम्पवर, मुदत घालून, आणि मुदतीत नावावर नाही झालं तर इसार परत असं स्पष्ट लिहून.

रिंगपिस्टन_संगमनेर
१ लाख ३५ ला पटव आणि घे, मागचा भाग चांगला निघालाय. इसार देतानाच त्याला बॅटरीची वायर काढून ठेवायला आणि सायलेन्सरच्या तोंडावर डबा उपडा घालायला सांग, कागद होईपर्यंत पाऊस आत गेला तर सगळं गणित बदलेल.