सुईची भीती आणि नर्सिंगचं शिक्षण : तुमचे अनुभव लिहा

माझी भाची यंदा जीएनएमच्या (नर्सिंग डिप्लोमाच्या) पहिल्या वर्षाला आहे. अभ्यासात हुशार, पण सुई दिसली की पांढरीफटक पडते. कॉलेज सोडायचं म्हणते. ज्यांना हे झालं आणि तरी जे टिकले, त्यांनी लिहा. ‘होईल सवय’ एवढंच नको, नेमकं काय केलंत ते सांगा.

स्टाफ नर्स, नाशिक
ताई, आधी तिला विचारा, नुसती भीती वाटते की घेरी येते? इतर बहुतेक भीतींमध्ये रक्तदाब चढतो, त्यामुळे माणूस सहसा पडत नाही. रक्त आणि सुईच्या भीतीत तो आधी चढतो नि मग झपकन उतरतो, ठोकेही मंदावतात. मला हेच व्हायचं. म्हणून ‘अंग सैल सोड’ हा सल्ला इथे उलटा पडू शकतो. आमच्या सायकियाट्रीच्या मॅडमनी मला अप्लाइड टेन्शन शिकवलं. स्वीडनचे मानसशास्त्रज्ञ लार्स-योरान ओस्ट यांनी १९८०च्या दशकात विकसित केलेली पद्धत आहे ही. हात, पाय, पोट घट्ट आवळायचं, चेहऱ्यावर ऊब जाणवेपर्यंत, साधारण १० ते १५ सेकंद. मग नेहमीसारखं व्हायचं, २०-३० सेकंद थांबून पुन्हा. असं पाच वेळा. मी हे खुर्चीत बसून रोज करायचे, मग सुईच्या फोटोकडे बघत, मग पॅकबंद सिरिंज हातात घेऊन, शेवटी उघडी सुई. स्वतः टोचून घेताना तो एक हात तेवढा सैल ठेवायचा.

बीएस्सी नर्सिंग, तिसरं वर्ष
‘मुलगा असून घाबरतोस?’ हे मी खूप ऐकलं. फार लागायचं. रक्तदाब मुलगा-मुलगी बघत नाही. सकाळच्या ड्यूटीला उपाशी जाऊ नका, पाणी प्या. डोळ्यांपुढे अंधारी आली, कानात गुंई झालं की लगेच खाली बसा, जमलं तर आडवं होऊन पाय वर.

एएनएम, उपकेंद्र
मला टोचून घ्यायची भीती नव्हती, दुसऱ्याला दुखवायची होती. मॅनिकिनवर (सरावाच्या पुतळ्यावर) हात बसला तरी वॉर्डात थरथरायचा. एका आजींनी दंड पुढे केला, तोंड भिंतीकडे फिरवलं आणि म्हणाल्या, “कर बाई तुझं काम.” सिस्टरनी आधीच सांगितलं होतं, स्नायूतलं इंजेक्शन ९० अंशात, एका दमात. घुटमळलं की जास्त दुखतं. तसंच केलं. आजी म्हणाल्या, “झालं?”
पुढे बीसीजीने (क्षयाच्या लसीने) माझी भीती खऱ्या अर्थाने घालवली. बाळाचा डावा दंड, सुई कातडीला जवळजवळ समांतर, आणि औषध जाताना उठणारा छोटासा पांढुरका फुगवटा. तो नीट उठतोय का, यातच सगळं लक्ष जातं, घाबरायला जागाच उरत नाही.

आयसीयू, पुणे
सुई स्वतःला टोचण्याची भीती मात्र घालवू नका, ती नियमांत बांधा. वापरलेल्या सुईला टोपण परत लावायचं नाही, लगेच हब कटरने ती कापून टाकायची. हिपॅटायटिस बीच्या लसीचे तिन्ही डोस वॉर्डातल्या पोस्टिंगआधी सुरू करा. टोचलीच तर साबण-पाण्याने धुवा, पिळू नका आणि लगेच कळवा. एचआयव्हीसाठीचं प्रतिबंधक औषध ७२ तासांच्या आत सुरू व्हावं लागतं.

धागा काढणारी
तिला सगळं वाचून दाखवलं. घेरीच येते म्हणाली. विचारतेय, कॉलेजात कुणाला सांगू?

स्टाफ नर्स, नाशिक
क्लिनिकल इन्स्ट्रक्टरला, आणि डेमोच्या आधी. शेजारी खुर्ची ठेवून घे म्हणावं.