डावखुऱ्या फॉइल खेळाडूसाठी मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, लेक फेन्सिंगमध्ये (तलवारबाजीत) फॉइल हा हलक्या तलवारीचा प्रकार खेळते आणि डावखुरी आहे. सध्या घरात एकच नाव चालू असतं, इटलीची फॉइल खेळाडू वॅलेंतिना वेझाली. सिडनी, अथेन्स, बीजिंग असं लागोपाठ तीनदा वैयक्तिक ऑलिम्पिक गोल्ड, त्यात २००५ ला मुलगा झाला आणि त्याच वर्षी परत वर्ल्ड चॅम्पियन (मला तर बाळंतपणानंतर दोन जिने चढवत नव्हते!). लंडन २०१२ च्या ब्राँझच्या मॅचमध्ये अगदी शेवटी ८-१२ ने मागे होती, तिथून १३-१२ ने जिंकली, ती क्लिप आमच्याकडे जेवतानापण चालू असते.

तर प्रश्न असा की डाव्या हाताची पिस्टल ग्रिप (तलवारीची पिस्तुलासारखी मूठ) आणि डावखुऱ्यांचं जॅकेट, लामे (जॅकेटवरून घालायचं, टच नोंदवणारं धातूच्या धाग्याचं जाकीट) पुण्यात कुठे मिळेल, सेकंडहँडपण चालेल, क्लबात सगळं उजव्यांचंच आहे, चेन नको त्या बाजूला येते. आणि दोघींचाही टच लागून दोन्हीकडचे लाइट लागले तरी पॉइंट एकीलाच का देतात, हे राइट ऑफ वे प्रकरण कुणी मराठीत सोपं करून सांगेल का? सर सांगतात पण माझ्या डोक्यावरून जातं, आणि मॅच हरली की लेक मलाच विचारते रेफरी चुकला ना म्हणून.