चेतापेशी घडवणारं 'एकच जनुक'? पटत नाही

पेशीवेडा: कालच्या पोस्टमध्ये निखिलरावांनी एएससीएल1 या जनुकाबद्दल ठोकून दिलंय, 'एएससीएल1 चालू झालं की चेतापेशी तयार, बाकीची प्रथिनं नुसती हमाल.' डोकं फिरलं वाचून. एएससीएल1चं प्रथिन डीएनएला धरून दुसरी जनुकं चालू करतं, पण एकट्यानं नीट धरतच नाही, त्याला ई-प्रथिन या दुसऱ्या प्रथिनाची जोडी लागते. आयडी प्रथिन तोच जोडीदार पळवतं आणि काम ठप्प. शिवाय शेजारच्या पेशीवरचं डेल्टा प्रथिन या पेशीवरच्या नॉच प्रथिनाला डिवचतं, त्यानं हेस1 हे रोखणारं प्रथिन वाढतं, एएससीएल1 दबतं. 1930च्या दशकात पॉल्सन यांनी नॉच नसलेले फळमाशीचे भ्रूण तपासले, तर त्वचा व्हायच्या पेशीसुद्धा चेतापेशी झालेल्या. रोखणारं नसेल तर पोटाकडची त्वचाच बनत नाही, आणि हे हमाल?

निखिल_प: स्टॅनफर्डच्या गटानं 2010 साली एएससीएल1 धरून तीन जनुकांनी उंदराच्या फायब्रोब्लास्टच्या, म्हणजे जोडऊतीतल्या पेशींच्या, चेतापेशी केल्या. 2014 साली एकट्या एएससीएल1वर भागलं. आता बोला.

पेशीवेडा: प्रयोगशाळेतल्या बशीत, भरमसाट मात्रा देऊन! ई-प्रथिन त्या पेशींत आधीपासून होतंच. भ्रूणात असं मोकळं रान नसतं.

अश्विनी_नाशिक: माश्या-उंदीर पुरे. माझ्या भावजयीला फॉलिक अ‍ॅसिड तिसऱ्या महिन्यात मिळालं, नाव नोंदवल्यावर. न्यूरल ट्यूब, म्हणजे मेंदू आणि मज्जारज्जू जिच्यातून बनतात ती नळी, मिटते गर्भधारणेनंतर 28व्या दिवसाच्या सुमारास. ती नीट मिटली नाही, बाळ पाठीवर गाठ घेऊन जन्मलं.

पेशीवेडा: ताई, ऐकून वाईट वाटलं. पण ट्यूब मिटणं वेगळं, चेतापेशी बनणं वेगळं.

अश्विनी_नाशिक: वेगळं म्हणून गप्प बसू? आधी असं बाळ झालेल्या बायकांना गर्भधारणेआधीपासून गोळी दिली, तर पुन्हा तसं होण्याचा धोका 72 टक्क्यांनी घटला. ब्रिटनच्या पुढाकारानं अनेक देशांत झालेली चाचणी, 1991 सालची! इथे अजून आधी दिवस जातात, मग गोळी येते.

खेड्यातला_डॉक्टर: ताईंचं शंभर टक्के बरोबर. लग्न झाल्या झाल्या गोळी सुरू करा म्हटलं, की सासू विचारते, 'अजून काही नाही, मग औषध कशाला?' रोज हेच.

निखिल_प: धागा कुठल्या कुठे गेला. बरं, 'हमाल' मागे घेतो. पण अंतिम निर्णय एएससीएल1चाच.

पेशीवेडा: कसला निर्णय? क्योटोच्या कागेयामा यांच्या गटानं 2013 साली उंदराच्या मेंदूतल्या मूळपेशींत प्रकाशानं एएससीएल1 खालीवर केलं, तर पेशी विभागतच राहिल्या. सलग चालू ठेवलं, तेव्हा चेतापेशी झाल्या. आणि एरवी ते खालीवर करायला लावतं कोण? हेस1.