मदत हवी आहे: न्यूरोसायन्स शिकवणारं कुणी हाय का कोल्हापूर-सांगलीकडं? (अर्जंट)

फुटकी_बीकर
लै वैतागलोय म्हणून सरळ विचारतो. या वर्षीपासून न्यूरोसायन्सचा पेपर माझ्या गळ्यात पडलाय. स्टाफ मीटिंगमध्ये टाइमटेबलचा कागद फिरला, त्यात माझ्या नावापुढं लिहिलेलं होतं, बास, विषय संपला. मी एमएस्सीला फिश बायॉलॉजी केलेलं माणूस. नर्व्हस सिस्टीमशी संबंध म्हणजे शार्कच्या क्रेनियल नर्व्ज पाठ केल्या होत्या तेवढाच. शहरात चार ठिकाणी विचारलं, सगळे म्हणतात अरे वा छान विषय आहे. छान आहे ओ, पण पहिल्या तासाला काय सांगायचं, किती खोल जायचं, करून काय दाखवायचं? याचं काही ट्रेनिंग असतंय का? कोण शिकवतंय का इकडं, इचलकरंजी, कराड, मिरज कुठंही? लवकर सांगा, आठवड्यात टीचिंग प्लॅन द्यायचाय.

स्वयम्_सेवक
सर, काळजीच करू नका, एनपीटीईएल आणि स्वयम् वर न्यूरोसायन्सचे कोर्स आहेत, आयआयटी-आयआयएस्सीचे लोक शिकवतात, फुकट बघता येतात, परीक्षेची फी भरली तर सर्टिफिकेटपण मिळतं. मी आत्तापर्यंत अकरा केलेत. लॅमिनेट करून लावलेत.

तर्रीबाज
अकरा कोर्सात न्यूरोसायन्सचा कुठला ते सांगा की राव

स्वयम्_सेवक
न्यूरोसायन्सचा नाही केलेला. पण पद्धत तीच असते.

सांगलीची_प्राणिशास्त्र
सर, कुठल्या वर्षाला आहे, किती क्रेडिट, मुलं किती, प्रॅक्टिकल आहे का, लॅबमध्ये काय आहे? हे सांगितल्याशिवाय कोण काय सांगणार. आणि तुम्ही पर्मनंट का सीएचबी, म्हणजे तासावर मानधन?

निवृत्त_मास्तर
आमच्या वेळी शिक्षकाला ट्रेनिंग लागत नसे. बेडूक उघडला, सायाटिक नर्व्ह मोकळी केली, टोचलं की पाय उडायचा, मुलांना आयुष्यभर लक्षात राहायचं. आणि न्यूरोसायन्स म्हटलं की सगळे परदेशी नावं घेतात, आपल्या अवतार सिंग पेंटल यांनी फुप्फुसातले जे-रिसेप्टर, म्हणजे तिथली खबर मेंदूला देणारी नर्व्हची टोकं, शोधले हे किती जणांना माहीत आहे? सर, तुम्ही पहिला तास पेंटलवर घ्या.

प्राणिमित्र_करवीर
मास्तर, २०१४ साली यूजीसीनं प्राणिशास्त्रातलं डिसेक्शन बंद करायला सांगितलंय. बेडूक उघडायचे दिवस गेले.

निवृत्त_मास्तर
म्हणूनच मुलांना आता बेडकाला पाय किती हेही पुस्तकात बघावं लागतं.

उद्यमनगरी
मी शिक्षक नाही, शॉप आहे माझं, पण पोराच्या प्रोजेक्टसाठी हे केलंय म्हणून सांगतो. बॅकयार्ड ब्रेन्स म्हणून अमेरिकेतली कंपनी आहे, त्यांचा स्पायकरबॉक्स येतो, झुरळाच्या पायाला दोन टाचण्या लावायच्या, नर्व्हचे स्पाइक, म्हणजे विजेचे बारीक ठोके, स्पीकरवर टक टक ऐकू येतात. पण मागवायला महाग. त्यापेक्षा आपल्याकडची अपसाइड डाउन लॅब्ज आहे, त्यांची बायोॲम्प पिल म्हणून छोटी पट्टी मिळते, ती आर्डुइनो म्हणून छोटा सर्किट बोर्ड असतो त्याला जोडायची, दंडाला इलेक्ट्रोड चिकटवायचे, मूठ आवळली की लॅपटॉपवर ग्राफ उड्या मारतो. एक गोष्ट मात्र पक्की, इलेक्ट्रोड अंगाला असताना लॅपटॉपचा चार्जर काढून ठेवायचा, बॅटरीवर चालवायचा. एक तर सेफ्टी आणि दुसरं म्हणजे चार्जर लावला की ५० हर्ट्झची मेनची गुणगुण त्यात शिरते आणि सगळा ग्राफ तिचाच दिसतो. माझ्या पोरानं दोन दिवस त्यालाच स्नायूचा सिग्नल समजून वहीत उतरवलं होतं. हात ढिला सोडला तरी सिग्नल तेवढाच, तेव्हा डोक्यात उजेड पडला.

प्राणिमित्र_करवीर
झुरळाचा पाय तोडणं पण तेच झालं.

उद्यमनगरी
बर्फाच्या पाण्यात ठेवून गार करतात आधी. आणि पाय परत येतो.

सांगलीची_प्राणिशास्त्र
परत येतो तो पिल्लांना, कात टाकताना. पूर्ण वाढलेलं झुरळ कात टाकत नाही, त्याला नाही येत. हे मुलांना सांगायचं असेल तर नीट सांगा. पण मूळ धागा झुरळाचा नाहीये. बीकर सर, मी काय काय विचारलं होतं वर?

फुटकी_बीकर
पहिलं म्हणजे सर नाही, मॅडम. कोल्हापूरची आहे म्हणून वैतागलो लिहिलं, आमच्यात पोरी असंच बोलतात. सीएचबी आहे. दोन क्रेडिट, म्हणजे तीस तास. प्रॅक्टिकल वेगळं नाही. मुलं ६४. आणि मला व्हिडिओ नकोयत ओ, व्हिडिओ बघून बघून डोळे गेले. मला माणूस पाहिजे. तास घेऊन बाहेर आल्यावर आज हे फसलं, तुम्ही कसं करता असं ज्याला विचारता येईल असा.

तर्रीबाज
बीएस्सीला ६४ म्हणजे मोठा वर्ग की. झूलॉजीला एवढी गर्दी कधीपासनं?

फुटकी_बीकर
बीएस्सी कोण म्हणालं? ओपन इलेक्टिव्ह आहे. बीए आणि बीकॉमची मुलं आहेत.

सांगलीची_प्राणिशास्त्र
अहो मॅडम, हे पहिल्या ओळीत लिहायचं होतं! दहावीनंतर बायॉलॉजी सोडलेल्या मुलांना शिकवायचंय आणि आम्ही इथं झुरळाच्या पायावरनं भांडतोय.

फुटकी_बीकर
मला वाटलं ओपन इलेक्टिव्ह म्हणजे दुसऱ्या फॅकल्टीचीच मुलं असणार, त्यात काय सांगायचं. चुकलं.

स्मरणशक्ती_शिबीर
मेंदूची ९०% क्षमता आपण वापरतच नाही! आमच्या शिबिरात उजवा मेंदू जागृत करून मिळेल. राजारामपुरी व शाहूपुरी येथे बॅच सुरू.

सांगलीची_प्राणिशास्त्र
मॅडम, हा घ्या तुमचा पहिला तास. ही जाहिरात फळ्यावर उतरवा आणि मुलांना विचारा यातलं खरं किती. दहा टक्क्यांची ती थाप आहे. झोपेतसुद्धा मेंदूचा कुठला मोठा भाग बंद पडून राहिलेला नसतो, आणि शरीराच्या वजनाच्या २% असलेला अवयव बसल्या जागी जवळजवळ २०% ऊर्जा खातो, त्यातला नव्वद टक्के बिनकामाचा असता तर एवढं महागडं पोसणं कशाला? बीकॉमची पोरं हा हिशोब बीएस्सीवाल्यांपेक्षा लवकर धरतात, अनुभव आहे.

एक_आई
कोणी कोल्हापुरात चांगले न्यूरोचे डॉक्टर सांगेल का? मुलाचं डोकं वारंवार दुखतं.

तर्रीबाज
ताई हा शिकवायचा धागा आहे, वेगळा काढा. आणि आधी डोळे तपासून घ्या, माझ्या भाच्याला चष्माच निघाला. पण डॉक्टरना दाखवाच.

परदेशी_करवीरकर
मी अमेरिकेत एका छोट्या कॉलेजात शिकवतो, मूळचा मंगळवार पेठेतला. तुम्हाला जे पाहिजे तेच इथल्या लोकांना पाहिजे होतं, त्यातून १९९१ साली फॅकल्टी फॉर अंडरग्रॅज्युएट न्यूरोसायन्स ही संस्था निघाली, सगळे फन म्हणतात. कॉलेजात एकटाच न्यूरोवाला असलेली माणसं, विचारायला शेजारी कुणी नाही, अशांचीच जास्त. त्यांच्या उन्हाळी कार्यशाळा असतात, तिथं लोक आपापले प्रयोग एकमेकांना करून दाखवतात, कुठं फसतं ते पण सांगतात. सोसायटी फॉर न्यूरोसायन्सचं मोठं अधिवेशन असतं तेव्हा एका संध्याकाळी पदवीच्या मुलांची पोस्टरं लावतात. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा कुणी ओळखीचं नव्हतं, चहाचा कप धरून भिंतीला उभा होतो. परत निघालो तेव्हा खिशात सात जणांचे ईमेल होते, त्यातल्या दोघांना आजही परीक्षेच्या आदल्या रात्री मेसेज टाकतो. तुम्ही आधी जून वाचा, सगळं फुकट आहे.

फुटकी_बीकर
जूनमध्ये काय वाचू? जुलैत तास सुरू होणार.

परदेशी_करवीरकर
हाहा, महिना नाही ओ. जर्नल ऑफ अंडरग्रॅज्युएट न्यूरोसायन्स एज्युकेशन, नावाची आद्याक्षरं घेतली की जून होतं. २००२ पासून निघतंय. शिक्षकांनी शिक्षकांसाठी लिहिलेलं, काय साहित्य लागलं, किती वेळ गेला, मुलं कुठं अडखळली, सगळं असतं.

स्वयम्_सेवक
याचं सर्टिफिकेट मिळतं का?

निवृत्त_मास्तर
अमेरिकेचं कशाला, आपल्याकडे इंडियन अकॅडमी ऑफ न्यूरोसायन्सेस १९८२ पासून आहे. शिवाय बेंगळुरू, दिल्ली, अलाहाबाद अशा तिन्ही विज्ञान अकादम्या मिळून कॉलेज शिक्षकांसाठी रिफ्रेशर कोर्स घेतात, आणि उन्हाळ्यात शास्त्रज्ञाच्या लॅबमध्ये काम करायची फेलोशिप शिक्षकांनाही असते, फक्त विद्यार्थ्यांना नाही. मी स्वतः गेलो आहे. तिथल्या मेसमध्ये इडली चांगली मिळत असे.

फुटकी_बीकर
मास्तर, माहिती चांगली आहे पण सीएचबीला दोन आठवड्यांची रजा कोण देणार. तास बुडला की त्या तासाचे पैसे गेले. मार्चचं मानधन अजून यायचंय.

तर्रीबाज
यावर कुणी रिफ्रेशर काढा

परदेशी_करवीरकर
मग न्यूरोमॅच अकॅडमी बघा, २०२० ला कोविडात सुरू झाली, घरबसल्या, आणि नुसते व्हिडिओ नाहीत, गटात बसून काम करायचं असतं.

सांगलीची_प्राणिशास्त्र
ते कॉम्प्युटेशनल आहे दादा, पायथॉन लागतं. मॅडमना बीकॉमच्या मुलांपुढं उभं राहायचंय.

मॅडम, माझं ऐका. मी गेली दोन वर्षं हाच प्रकार निस्तरतेय, फक्त माझ्याकडं बीएची मुलं. साहित्य शून्य, त्यामुळं मी हे करते. वर्गातली सगळी मुलं जमिनीवर गोल बसवायची, डोळे मिटून. प्रत्येकानं उजवा हात शेजाऱ्याच्या खांद्यावर ठेवायचा. आपला खांदा दाबला गेला की शेजाऱ्याचा दाबायचा. मी स्टॉपवॉच लावून पहिल्याचा दाबते आणि फेरी माझ्याकडं परत आली की बंद. मग तेच, पण खांद्याऐवजी शेजाऱ्याचा घोटा धरायचा. निरोप घोट्यापासून मेंदूपर्यंत जायला जास्त लांब पडतं, म्हणून फेरीला जास्त वेळ लागतो. माझ्याकडं ३० मुलांत खांद्याला ८.४ सेकंद आले, घोट्याला ९.३. फरक ०.९, म्हणजे माणशी ०.०३ सेकंद. जादाचं अंतर साधारण १.२ मीटर. भागा. सेकंदाला ४० मीटर. अशीच वेगवेगळ्या अंतराची युक्ती करून हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञानं १८५० च्या सुमाराला बेडकाच्या नर्व्हचा वेग काढला, त्याआधी हा वेग मोजताच येणार नाही असं त्याच्या गुरूलासुद्धा वाटायचं. एकाही मुलाला अॅक्सॉन शब्द माहीत नसताना हा तास होतो.

निवृत्त_मास्तर
हे चांगलं आहे. मी बेडूक मागे घेतो.

सांगलीची_प्राणिशास्त्र
आणखी एक, शब्दांचं आधी ठरवा. शाळेच्या विज्ञानात चेतापेशी वाचलेलं असतं, मानसशास्त्राच्या मराठी पुस्तकात मज्जापेशी, आणि तुम्ही तोंडानं न्यूरॉन म्हणणार. माझ्याकडं एका मुलीनं पेपरात या तिन्हींचे फरक लिहिले होते. मुद्देसूद लिहिले होते.

उद्यमनगरी
मॅडम खरा मेंदू दाखवायचा असेल तर मटणाच्या दुकानात मुंडी मिळते की. बोकडाचा भेजा. त्यात प्राणी कॉलेजसाठी मारला असं पण होत नाही.

सांगलीची_प्राणिशास्त्र
मिळतो, पण दुकानदार सवयीनं मुंडी सत्तूरनं मधोमध उभी फोडतो, भेज्याचा चेंदा. न भाजलेली पाहिजे, आणि कवटी वरनं अलगद काढून द्या असं आदल्या दिवशी सांगून ठेवायचं. ताजा भेजा हातात दह्यासारखा सांडतो. एक भाग फॉर्मलिन नऊ भाग पाणी, त्यात दोनेक आठवडे बुडवून ठेवला की मग धरता येतो. वर्गात आणायच्या आधी भरपूर पाण्यानं धुवा, हातमोजे घाला, खिडक्या उघड्या, नाहीतर ६४ जणांच्या डोळ्यांतनं पाणी.

प्राणिमित्र_करवीर
मला तरी हे पटत नाही. मॉडेल आणा की प्लॅस्टिकचं.

तर्रीबाज
फॉर्मलिनमध्ये घालायच्या आधी मला कळवा, भेजाफ्राय वाया जायला नको. आमच्या गल्लीत मुंडी रविवारी सकाळी आठनंतर उरत नाही.

परदेशी_करवीरकर
पांढऱ्या रश्श्याची आठवण काढू नका रे, इथं रात्रीचे दोन वाजलेत.

निवृत्त_मास्तर
सहल काढता आली तर बेंगळुरूच्या निम्हान्समध्ये मेंदूंचं संग्रहालय आहे, माणसाचा मेंदू प्रत्यक्ष बघायला मिळतो. आधी पत्र घालून विचारा. मिरजेहून राणी चन्नम्मा एक्सप्रेस पकडली की सकाळी तिथं.

सांगलीची_प्राणिशास्त्र
मॅडम, व्यनि (खासगी निरोप) केलाय, नंबर दिलाय. कराडचे एक सर आहेत, तेही एकटेच पडलेत. शनिवारी चारला तिघं कॉलवर बसू. टीचिंग प्लॅन तोपर्यंत कच्चा देऊन टाका, तो कोण वाचत नाही.

*(पाच आठवड्यांनी)*

फुटकी_बीकर
परत आलो. धागा वर काढतो कारण फसलंय. खांदा-घोटा केलं. बेंच मागं सरकवून खाली बसवलं, ५८ जण हजर होते. पहिला अर्धा तास तर घोट्याला हात लावायलाच गेला. शेजाऱ्याच्या पायाला हात लागला की पोरं लगेच तोच हात कपाळाला लावायची, सवयच ना, आणि तोपर्यंत निरोप तिथंच अडकायचा. एकानं तर आशीर्वादपण दिला. ते झाल्यावर नीट केलं, तरी खांद्याला १९.६ सेकंद आणि घोट्याला १८.१. म्हणजे लांबचा निरोप आधी पोचला. मागच्या बाकावरचा बीकॉमचा म्हणाला, मॅडम वेग मायनसमध्ये गेला, लॉस दाखवायचा का? मी म्हटलं पुढच्या तासाला सांगतो आणि पळालो. सांगली मॅडमचा फोन लागत नाहीये, कुणीतरी सांगा काय चुकलं.

उद्यमनगरी
स्टॉपवॉच मोबाइलचं होतं का? बोटाचा उशीर धरा.

निवृत्त_मास्तर
मुले डोळे उघडत असतील.

सांगलीची_प्राणिशास्त्र
पेपर तपासणीला होते, फोन बॅगेत. स्टॉपवॉचचं नाही, डोळ्यांचंपण नाही. खांद्याची फेरी आधी केलीत ना, एकदाच? पोरं तेव्हा शिकत होती, घोट्यापर्यंत हात बसला. आधी खांद्याच्या फेऱ्या करत राहायचं, आकडा खाली यायचा थांबेपर्यंत. माझ्याकडं सहा लागल्या. मग घोटा, मग परत एकदा खांदा. आणि ते १९.६ खोडू नका, फळ्यावर तसंच राहू द्या, शिकण्याचा टॉपिक पुढं आहेच ना तुमच्या सिलॅबसमध्ये, तिथं लागेल. चारला कॉल आहे, कराडच्या सरांचं पण उणेच आलंय.

तर्रीबाज
मुंडीचं काय झालं ते कुणी सांगितलंच नाही