'बायल्या' म्हटलं तर बिघडतं कुठे? बिघडतं!

निळी शाई:
काल एका गृहस्थांनी लिहिलं, "बायल्या, बायकी, भागूबाई हे गमतीचे शब्द. त्यात बायकांचा अपमान शोधणाऱ्यांना दुसरा उद्योग नाही." रात्रभर डोक्यातून गेलं नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

'गाढवा' म्हटल्याचा राग येतो, कारण गाढव मूर्ख हे आपण आधीच धरून चाललोय. 'बायल्या' झोंबतं तेही तसंच. बाई म्हणजे खालची पायरी, हे बोलणाऱ्याला, ऐकणाऱ्याला आणि बघ्यांना न सांगता मान्य असतं. उलट झाशीची राणी लढली की 'मर्दानी'. लढली ती, नाव मर्दांचं! 'पौरुष' म्हणजे पराक्रम. 'बाईपणा'ला असा एक तरी अर्थ चिकटलाय? आणि हे मराठीपुरतं नाही. लॅटिन 'विर' म्हणजे पुरुष, आपल्या 'वीर'चा सख्खा भाऊ. त्यावरून इंग्रजीत 'व्हर्च्यू', सद्गुण. ग्रीक 'हिस्टेरा' म्हणजे गर्भाशय, त्यावरून 'हिस्टेरिया'. 'सिसी' आला 'सिस्टर'वरून.

माझ्या मुलाच्या शाळेचा कबड्डी संघ उपांत्य सामना हरला. पोरं बारा वर्षांची. प्रशिक्षकांनी त्यांना ओळीत उभं केलं, पिशवीतून प्लॅस्टिकच्या बांगड्या काढून कप्तानाच्या हातात दिल्या. "घाला." बाजूला मुलींचा संघ पाणी पीत होता, आदल्या दिवशी जिंकलेला. खेळायला उतरताना काढलेल्या बांगड्या त्यांनी रुमालात गाठ मारून ठेवल्या होत्या. एकीने तो रुमाल हळूच दप्तरात खाली सरकवला. यात गंमत कुठली ते सांगा.

खडूस काका:
प्रशिक्षक चुकला, शंभरदा चुकला. पण त्याचा राग भाषेवर का? 'रडतराव' कोण? 'राव' बाईला म्हणतात का? ठोंब्या, बैलोबा, रेडा, बायकोचा बैल, सगळे पुल्लिंगी, आम्ही तक्रार केली नाही. आणि याच मराठीने ज्ञानेश्वरांना 'माउली' म्हटलं, विठोबाला 'विठाई', साने गुरुजींना 'मातृहृदयी'. बाईपण हलकं असतं तर हे झालं असतं का? सोयीचं तेवढं उचलायचं आणि बाकीचं झाकायचं, हे पटत नाही.

पायवाट:
काका, माउली चालते, बाई चालत नाही. पुरुषाला माउली म्हणा, हात जोडेल. त्यालाच बाई म्हणा, कॉलर धरेल. आणि 'बायकोचा बैल' कशाबद्दल म्हणतात? बायकोचं ऐकतो म्हणूनच ना! माझ्या वडिलांचा आवाज बारीक होता. फोनवर लोक 'मॅडम' म्हणायचे आणि कळल्यावर हसायचे. शेवटची काही वर्षं फोन वाजला की ते आईकडे बघायचे. स्वतः उचलणं सोडूनच दिलं. तुम्हाला 'बैलोबा'ने असं काही केलंय?

जुनी वही:
अवांतर, पण राहवत नाही. 'रडतराव' पुरुष असला तरी म्हणीत तो घोड्यावर स्वार आहे. रडूबाईला घोडा दिलाय कोणी?

खडूस काका:
म्हणीचा अर्थ माहीत नसताना लिहू नये. तो हौसेने बसलेला नाही, त्याला बळेच बसवलंय!

जुनी वही:
बसवलं तरी घोड्यावरच ना? आणि आमच्या आजीच्या तोंडी 'रडत राऊत' होतं. राऊत म्हणजे घोडेस्वार. तुमचा 'राव'च मागून आलेला असणार.

खडूस काका:
आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या 'रडतराव'. आज्या आम्हालाही होत्या.

तिसरी घंटा:
राव-राऊत पुरे! इंग्रज लेखक मेकॉलेने 1841 मध्ये बंगालचा गव्हर्नर जनरल राहिलेल्या वॉरन हेस्टिंग्जवर लिहिताना अख्ख्या बंगाली समाजाला शरीराने बायकी ठरवलं. 1857 नंतर इंग्रजांनी सैन्यभरतीसाठी 'लढवय्या जाती' निवडल्या, बाकीचे नेभळट. त्यावर आपण 'आम्ही बायकी नाही' हे सिद्ध करत बसलो. बायकी असण्यात वाईट काय, असं फार थोड्यांनी विचारलं.

आणि सगळे बाईवरच बोलताय. 'हिजडा' शिवी म्हणून रोज कानावर पडते. सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्ये तृतीयपंथीयांना कायद्याने ओळख दिली, तरी ती शिवी जिथल्या तिथे.

खडूस काका:
हे मान्य, ती शिवी मीही देत नाही. पण निळी शाई, मोर्चात अधिकाऱ्याला बांगड्यांचा आहेर कोण देतं? बायकाच! त्यांना कधी सांगितलंत?

निळी शाई:
नाही सांगितलं. एकदा तर मी त्या मोर्चात टाळ्या वाजवल्या आहेत. तेव्हा कळलं नाही, आज त्याची लाज वाटते. हा मुद्दा तुमचा.

खडूस काका:
मग मीही एक देतो. नातवाला 'रडूबाई' म्हणतो, ते थांबवेन. माउलीचा मुद्दा सोडलेला नाही, म्हणीचाही नाही. त्या पोरांनी बांगड्या घातल्या का हो शेवटी?

निळी शाई:
नाही. कप्तानाने मुठीत धरल्या आणि तसाच उभा राहिला. परतताना बसमध्ये खिडकीकडे तोंड करून रडला. बाकीच्या पोरांनी ते पाहिलं आणि शाळेपर्यंत 'रडूबाई, रडूबाई' चालू ठेवलं. कप्तान माझाच मुलगा.